माग काढील तोच ऊस राखील



गणपती उठले की आपल्या शेतकी ऑफिसात एका ठराविक तक्रारीची रीघ लागते. डोंगरकडेच्या गावांतले सभासद येतात, चघळून टाकलेल्या उसाचा चोथा टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "साहेब, डुकरांनी रान धुऊन नेलं. बंदुकीची परवानगी तेवढी काढून द्या." तक्रार खरी असते. आडसाली उसाला पंधरा-सोळा महिने पाणी पाजायचे, खत घालायचे, भरणी करायची, सोसायटीचे कर्ज अंगावर घ्यायचे आणि तोड यायच्या आत एका कळपाने चार-चार सऱ्या आडव्या कराव्यात, हे कुणालाही सोसणारे नाही.

अशा वेळी आमचा पहिला प्रश्न असतो : डुकरे किती आहेत? कुठून येतात? किती वाजता येतात? दिवसा कुठे बसतात? दहापैकी एखाददुसराच सभासद याचे उत्तर देऊ शकतो. बाकीच्यांना नुकसान दिसलेले असते, जनावराची चाल मात्र ठाऊक नसते. ज्याची चाल ठाऊक नाही त्याच्यासाठी परवानगी मिळाली काय अन् बंदूक मिळाली काय, रात्रभर बांधावर थंडीत कुडकुडत बसण्यापलीकडे हाती काही लागत नाही. म्हणून या अंकात जनावरावर वर्षभर पाळत कशी ठेवावी याविषयी चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे.

शिकाऱ्यांची विद्या, राखणदाराच्या कामी

पूर्वीच्या काळी आपल्या मुलखात शिकार हा राजेरजवाड्यांचा शौक होता. आज ज्याला आपण दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य म्हणतो ते कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ साली तेथे अभयारण्य झाले. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा शौक कायद्याने बंद झाला. सांबर, चितळ, भेकर, काळवीट यांतले काहीही मारता येत नाही. रानात गळून पडलेले सांबराचे शिंग सापडले तरी ते घरी आणून भिंतीला लावणे हा गुन्हाच आहे.

परंतु त्या जुन्या शिकाऱ्यांकडे एक विद्या होती, ती मात्र टाकून देण्यासारखी नव्हती. हाका घालण्याच्या किंवा मचाण बांधण्याच्या कितीतरी दिवस आधी त्यांचे माणूस रानात फिरत असे. पाणवठा कोणता, वाट कोणती, वारा कोणत्या अंगाने वाहतो, जनावर बसते कुठे, हे सगळे आधी ठरत असे. बंदुकीचा बार हा या सगळ्या कामातला शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग.

परदेशातही हेच दिसते. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार परवाना काढून करतात. हंगाम शरद ऋतूत थोडे दिवसच असतो, पण जाणते शिकारी वर्षभर रानाच्या फेऱ्या मारतात. हंगाम संपल्यावर, पालापाचोळा झडलेला असताना ते वाटा पाहून ठेवतात. वसंताच्या सुमारास गळालेली शिंगे शोधतात, कारण शिंग जिथे पडले तिथे नर वावरत होता हे नक्की. उन्हाळ्यात लांबून दुर्बिणीने चरणारी हरणे पाहतात. हंगाम उघडला म्हणजे बसायची जागा त्यांनी आधीच नक्की केलेली असते. केवळ हंगामापुरता जंगलात शिरणारा माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो.

आपल्याला हरणे मारायची नाहीत. आपल्याला ऊस राखायचा आहे. पण काम तेच आहे.

डहाणू-तलासरीकडची रीत

हे लिहिणारा मूळचा डहाणू तालुक्यातला, समुद्रकाठच्या धाकटी डहाणूचा. तिकडे ऊस नाही. किनाऱ्याला मच्छीमारांची वस्ती, आत चिकूच्या वाड्या, आणि पूर्वेला कासा, गंजाड, तलासरीकडे गेलो की जंगल, भातखाचरे आणि वारली पाडे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला, तो या रानासमुद्रापायीच.

आमच्या गावच्या माणसाला उधाण कधी, भांग कधी, पाण्याची ओढ कुठल्या अंगाला, हे पंचांग न बघता सांगता येते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हाही तो जाळी दुरुस्त करता करता समुद्राकडे बघतच असतो. जाळे टाकायची जागा त्या दिवशी ठरत नाही. ती वर्षानुवर्षांच्या बघण्यातून ठरलेली असते.

पूर्वेकडच्या वारली माणसाचे रानाशी नाते तसेच. गंजाडचे पद्मश्री जिव्या सोमा मशे यांनी ज्या वारली चित्रांना जगभर नाव मिळवून दिले, ती चित्रे कधी नीट पाहावीत. त्यांत शेतकरी, मच्छीमार, शिकारी, जनावर, झाड, वारूळ सगळे एकाच भिंतीवर असते. कोण कुठून येते, कोण कुणाच्या मागे जाते, हे चित्रात वाचता येते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला हीच माणसे वाघदेवाला पुजतात. जनावर शेजारी आहे हे धरूनच तिथला संसार चालतो.

तिकडच्या एका वयस्क माणसाने मला तरुणपणी एक गोष्ट सांगितली होती, ती आज सभासदांना सांगतो. जनावर आज कुठे आहे हे शोधत बसू नये, ते रोज कुठे असते हे शोधावे. आज कुठे आहे हे नशिबाने कळते. रोज कुठे असते हे मात्र पायपीट करून हमखास कळते. वर्षभराच्या पाळतीचे सगळे सार यात आले.

आधी चोर ओळखा

उसात नुकसान दिसले की नाव डुकराचेच निघते. पण दर वेळी डुक्करच असते असे नाही, आणि चोर चुकला की उपायही चुकतो. पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

रानडुक्कर : ऊस मोडून आडवा करते, बुडाकडची गोड कांडी चघळते आणि चोथा तिथेच टाकते. सरीत मुसंडीने माती उकरलेली असते. पायाच्या ठशात पुढे दोन खूर आणि मागे थोडे बाहेरच्या बाजूला दोन लहान खुरांचे टिंब उमटते. ही मागची दोन टिंबे ही डुकराची मोठी खूण. हरणाच्या पावलात ती सहसा दिसत नाहीत, फार मऊ चिखलात तेवढी उमटतात.

सांबर, भेकर : कोवळा पाला, शेंडे खातात. ठसा टोकदार, पानाच्या आकाराचा. लेंड्या एका जागी पडलेल्या असतात.

गवा : ठसा बैलासारखा पण मोठा. ऊस वरून ओरबाडतो आणि जास्त नुकसान तुडवण्याने करतो. गव्याच्या वाटेला जाऊ नये, पाठलाग तर मुळीच करू नये.

साळिंदर : बुडाशी कुरतडते, दातांच्या जोडरेघा दिसतात. आसपास एखादे काटे पडलेले सापडते.

कोल्हा : ऊस फारसा न मोडता खालची कांडी कुरतडतो.

उंदीर, घूस : बुंध्याजवळ बारीक दातांची कुरतड, आणि शेजारी बीळ. याला वनखात्याची गरज नाही. बांध स्वच्छ ठेवणे आणि बिळांचा बंदोबस्त, एवढे पुरे.

आणखी एक ठसा सर्वांनी ओळखलाच पाहिजे. चार बोटांचा गोल पंजा, आणि नखांची खूण नाही, तर तो बिबट्या. कुत्र्याच्या पंजात नखे उमटतात, बिबट्याची नखे चालताना आत असतात. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तेव्हा ऊसशेतीच्या भागातही बिबटे कायम वस्तीला असतात हे दिसून आले. असा ठसा दिसला की त्या फडात एकट्याने, वाकून काम करू नये, मुलांना पाठवू नये आणि वनखात्याला कळवावे.

चार ऋतूंची पाळत

उन्हाळा. पाळतीची सुरुवात एप्रिल-मे मध्ये करावी. पालापाचोळा झडलेला असतो, गवत वाळलेले असते, त्यामुळे डोंगरातून शेताकडे येणाऱ्या वाटा उघड्या पडतात. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. अंग थंड ठेवायला त्याला चिखलात लोळावेच लागते. म्हणून या दिवसांत ओढ्यातली डबकी, पाटाची गळती, विहिरीजवळचा ओलावा बघावा. लोळण सापडली की शेजारच्या झाडांचे बुंधे पाहा. लोळून उठलेले डुक्कर झाडाला अंग घासते, त्याचा चिखल बुंध्याला लागतो. हा चिखल जमिनीपासून जितका वर, तितके जनावर मोठे. चिखल ओला असेल तर ते कालपरवाच येऊन गेले. डोंगर करपलेला असताना बागायती उसात पाणी आणि सावली दोन्ही असते, हेही विसरू नये. काही कळप मे महिन्यात उसातच मुक्कामाला असतात.

पावसाळा. जून ते सप्टेंबर चिखल हाच आपला हिशेबनीस. बांधावर, ओढ्याच्या उतारावर, गाडीवाटेवर सकाळी लवकर गेल्यास रात्री कोण कुठून आले ते स्वच्छ उमटलेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये आडसालीची लागण होते आणि डुकरे सरीतली टिपरी उकरून टाकतात. उगवण कमी दिसली की आपण बेण्याला दोष देतो. आधी सरीत बसून पाहावे. टिपरी जागेवर आहे आणि डोळा फुगला नाही, तर दोष बेण्यात किंवा ओलीत. टिपरीच बाहेर फेकली गेली असेल तर दोष शेजाऱ्याचा, म्हणजे चार पायांच्या. नांगी भरण्याआधी हे ठरवले पाहिजे, नाहीतर भरलेल्या नांग्याही तशाच उकरल्या जातील.

सुगी. दसरा-दिवाळीच्या सुमारास भुईमूग, मका, भात निघते. तोवर कळपाचे पोट त्या पिकांवर चाललेले असते. ती रिकामी झाली की तो मोर्चा उसाकडे वळतो, आणि तेव्हाच उसात साखर भरू लागलेली असते. म्हणून शेजारच्या शिवारात कोणते पीक कधी निघणार याची नोंद ठेवणे हाही पाळतीचाच भाग आहे. भुईमूग निघाल्यानंतरच्या पंधरवड्यात राखण कडक ठेवावी.

गळीत हंगाम. तोड सुरू झाली की एकेक फड मोकळा होतो आणि जनावरे उरलेल्या उसात गोळा होतात. शेवटी शिल्लक राहिलेला फड सर्वांत धोक्याचा. तेथे तोडणीला येणारे मजूर परमुलखातले असतात, त्यांना आपल्या रानाची माहिती नसते, बरोबर लहान मुले असतात. ज्या सभासदाने वर्षभर पाळत ठेवली आहे त्याने मुकादमाला आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे की या कोपऱ्यात कळप बसतो. तोड वस्तीच्या किंवा रस्त्याच्या बाजूने सुरू करून डोंगराच्या दिशेने सरकवत न्यावी, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. चहूबाजूंनी तोडत मध्ये तुकडा ठेवू नये. पिलावळ असलेली मादी किंवा सुळे असलेला एकटा नर कोंडला गेला तर तो माणसावर धावून येतो. उसात बिबट्याची पिल्ले सापडली तर हात न लावता तेथील तोड थांबवावी आणि वनखात्याला बोलवावे. जुन्नर भागात अशी पिल्ले त्याच जागी ठेवून आईकडे परत पोचवल्याची उदाहरणे आहेत.

नोंदवही ठेवा

पाळत म्हणजे केवळ फिरणे नव्हे. जे पाहिले ते लिहिले नाही तर चार दिवसांत विसरते. मुलाची जुनी वही घ्यावी आणि तारीख, जागा, काय दिसले, ताजे की जुने, एवढेच लिहावे. आठवड्यातून दोन फेऱ्या पुरेत. पुढील बाबी सांभाळाव्यात :

१. फेरी सकाळी मारावी. संध्याकाळी जनावर निघायच्या वेळी बांधावर घुटमळलो तर ते आपल्यालाच शिकते.

२. डुकराची नजर अधू, पण नाक फार तीक्ष्ण. वारा आपल्याकडून त्याच्या बसण्याच्या जागेकडे वाहत असेल तर त्या दिवशी जवळ जाऊ नये. बसायची जागा एकदा कळली की तिथे वारंवार जाणे टाळावे, नाहीतर ते जागा बदलते आणि आपली सगळी नोंद फुकट जाते.

३. जमीन कडक असेल तर बांधावर हातभर रुंदीचा पट्टा करून त्यावर बारीक माती पसरावी आणि संध्याकाळी झाडून सपाट करावी. सकाळी त्यावर ठसे मोजता येतात. लहान ठसे किती, मोठे किती, यावरून कळपाचा अंदाज येतो.

४. कधीही एकट्याने जाऊ नये. दोघांनी बोलत जावे, हातात काठी असावी.

५. मेलेले डुक्कर दिसले तर हात लावू नये. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा रोग २०२० पासून आपल्या देशात शिरला आहे. माणसाला तो होत नाही, पण पाळीव डुकरांना तो जवळजवळ हमखास मारतो. वनखाते आणि पशुवैद्यकीय दवाखाना, दोन्हीकडे कळवावे.

अलीकडे रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे मिळतात. एकट्या सभासदाला महाग पडतील, पण पाच-सहा जणांनी मिळून एक घेतल्यास हरकत नाही. तो आपल्या स्वतःच्या बांधावर लावावा, जंगलात नव्हे.

आपल्याच कार्यक्षेत्रात एका ओढ्याकाठी पाच सभासदांची शेते लागून आहेत. प्रत्येकजण आपापल्या बांधावर रात्री डबा वाजवत असे, आणि एकाच्या शेतातून हुसकलेला कळप दुसऱ्याच्या शेतात जात असे. पाळीपाळीने सकाळची फेरी सुरू केल्यावर त्यांना दिसून आले की सगळी ये-जा रस्त्याखालच्या एका मोरीतून होते. पाचांनी मिळून त्या अंगाला कुंपण केले, ओढ्याकाठची झुडपे साफ केली, उसाचे पाचट वेळेवर काढले. नुकसान अजिबात थांबले असे कुणी म्हणणार नाही, पण पूर्वीसारखी लागणच्या लागण उकरली जाणे बंद झाले. पाच माणसांची झोप वाचली ती वेगळीच.

परवानगी आणि कायदा

इतके करूनही एखादा कळप हटत नसेल तर कायद्यात वाट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या जनावराच्या शिकारीची परवानगी अधिकृत अधिकारी लेखी देऊ शकतात. रानडुक्कर व रोही यांच्याबाबत राज्य शासनाने २०१५ साली त्यासाठी खास आदेश काढला. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करावा. इथे आपली नोंदवही कामाला येते. "डुकरे फार झाली" असा मोघम अर्ज आणि "अमुक गटात, अमुक तारखांना, अमुक वाटेने, अंदाजे इतक्या जनावरांचा कळप" असा अर्ज, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

परवानगी मिळाली तरी ती त्या जागेपुरती व त्या मुदतीपुरती असते. परवानाधारक बंदूक आणि जाणता माणूसच हवा. मारलेले जनावर सरकारजमा होते. त्याचे मटण वाटून खाणे हा गुन्हा आहे, मग गावची रीत काहीही असो. फास, वाघूर, पिंजरा लावणे हीसुद्धा कायद्याने शिकारच धरली जाते, त्यालाही परवानगी लागते.

आणि एक लक्षात घ्यावे. डुकराची मादी सुमारे पावणेचार महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा, कधी त्याहून जास्त पिल्ले होतात. एखादे मोठे डुक्कर मारल्याने कळप संपत नाही. उलट राहिलेली पांगतात, बुजतात आणि नव्या वाटा धरतात. अमेरिकेत माजलेल्या रानटी डुकरांशी झुंजताना तिथल्या खात्यांनाही हाच अनुभव आला. म्हणून तिकडे महिना महिना पाळत ठेवून सगळा कळप एकदम पकडण्यावर भर दिला जातो. आपल्याकडे तो मार्ग वनखात्याच्या हातचा, परंतु पाळतीवाचून बार व्यर्थ हा धडा दोन्हीकडे सारखाच.

पीकनुकसानीच्या भरपाईसाठी नुकसान दिसताच, शक्य तर त्याच दिवशी, वनखात्याकडे अर्ज द्यावा. ऊस उचलण्याआधी फोटो काढून ठेवावेत. पंचनाम्याच्या वेळी सात-बारा, ऊस नोंदीची पावती आणि नोंदवही समोर ठेवावी. वनखात्याचा १९२६ हा फोन क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

हे मात्र कदापि करू नये

आता जे सांगतो ते सर्वांत महत्त्वाचे, आणि ते वाचून दाखवावे, घरातल्या तरुण मुलांनाही सांगावे. बांधावर उघडी तार लावून तिच्यात खांबावरची वीज सोडणे हा प्रकार पूर्ण बंद झाला पाहिजे. रात्री पाणी धरायला गेलेला शेजारी, पहाटे बांधाने जाणारी बाई, चुकून आपलाच मुलगा, या तारेला कोण लागेल याचा नेम नाही. अशा तारांनी महाराष्ट्रात माणसे मेली आहेत, बैल मेले आहेत, बिबटे मेले आहेत. तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. उसाच्या दहा मोळ्या वाचवायला गेलेला माणूस आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, आणि ज्याच्या घरचा गेला त्याचे तर काही भरूनच येत नाही. एकाच पाटाचे पाणी पिणारी दोन घरे पिढ्यान्‌पिढ्यांची वैरी होतात.

कणकेच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्बही तसाच. तो डुकराऐवजी गाय-म्हशीच्या, कुत्र्याच्या, नाहीतर तो उचलणाऱ्या पोराच्या जबड्याला-हाताला लागतो. विष घालणे हाही गुन्हाच.

तार लावायचीच तर सौर कुंपणाची, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो ती. त्यात क्षणभराचा झटका ठराविक अंतराने येतो, जनावर भिते पण मरत नाही. मात्र मशीन प्रमाणित कंपनीचे असावे, घरच्या विजेशी त्याची थेट जोडणी कधीही करू नये. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर आणि दुसरी गुडघ्याएवढ्या उंचीवर हवी. खालची तार उंच राहिली तर डुक्कर खालून निघून जाते. गवत तारेला टेकले की झटका मातीत जातो, म्हणून तारेखालचे गवत काढत राहावे. अनुदानाची योजना आपल्या गावाला लागू आहे का हे वनखाते व तालुका कृषी कार्यालय येथे विचारावे. साड्या बांधणे, केस टाकणे, डबे वाजवणे या उपायांना जनावर थोड्या दिवसांत सरावते. ते आलटूनपालटून केले तरच काही काळ उपयोग होतो.

सभासदांना विनंती

डोंगरकडेच्या प्रत्येक गावात शेजारी-शेजारी शेती असणाऱ्या पाच-सात सभासदांनी एकत्र येऊन एक नोंदवही सुरू करावी. येत्या उन्हाळ्यात वाटा, लोळणी आणि मोऱ्या पाहून कागदावर साधा कच्चा नकाशा काढावा. गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला तो दाखवावा. लागणीचे क्षेत्र ठरवताना, पाचट काढण्याची वेळ ठरवताना त्याचा उपयोग होईल. फडात कळपाचा मुक्काम असेल तर तोड येण्याआधी गट ऑफिसला लेखी कळवावे, म्हणजे मुकादमाला आणि टोळीला आधी सावध करता येईल. लोळलेला आणि मोडलेला ऊस वाळत पडू देऊ नये, त्याने वजन व उतारा दोन्ही घटतात.

जनावर रोज रात्री आपले शिवार फिरून पाहते. कुठे बांध खचला, कुठे कुत्रे नाही, कुणाचा मालक गावाला गेला, हे त्याला बरोबर कळते. ज्याची जमीन आहे त्याने आठवड्यातून दोन सकाळी तरी तिच्यावरून फिरून यावे, ही अपेक्षा काही जास्त नाही.

ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग